काटा स्थिर होईपर्यंत

दि. ११ जानेवारी, रविवार
दुपारचे तीन

प्रिय कंपाउंडर,

अनेक आशीर्वाद. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आशीर्वाद लागू पडतात की नाही, ठाऊक नाही; पण मी तुझ्याहून पाच वर्षांनी मोठा आहे आणि एवढा एकच हक्क माझ्याकडे उरला आहे, तेव्हा घेऊन टाक.

आज सकाळी दाढी करताना तुझ्या सायकलची घंटी ऐकली. खरी नव्हे, आठवणीतली. एक लांब, मग जरा दम खाऊन दोन आखूड. गल्लीच्या तोंडाशीच वाजवायचास, आणि तू जिना चढून येईपर्यंत तुझी ताई चहाच्या भांड्यात एक कप पाणी वाढवून मोकळी. पुढे आम्ही दाराला विजेची घंटी बसवली, तर तीही तू तश्शीच वाजवू लागलास. 'याच्या बोटातच सायकल आहे,' असं ती म्हणायची. एका गालाला साबण तसाच ठेवून मी आरशापुढे किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. शेवटी सूनबाईनं दार ठोठावलं, 'बाबा, आत सगळं ठीक ना?'

या घरात हल्ली हा प्रश्न फार विचारला जातो. त्याविषयीच लिहायला बसलो आहे.

कंपाउंडर म्हटलेलं अजून चालतं ना? डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला तू पांढरा कोट घालून मिरवत आलास, तेव्हा मी ठेवलेलं नाव. पुढे खराखुरा डॉक्टर झालास तरी मी काही बदललं नाही. सहा वर्षांपूर्वी ताई गेली तेव्हा तुझं दोन ओळींचं कार्ड आलं होतं. त्याला उत्तर दिलं नाही. पाकिटावरचा पत्ता मात्र कापून वहीत जपून ठेवला. तोच आज वर घालतो आहे. उत्तर का दिलं नाही ते... असो. आधी घरची बातमी.

तू आमच्याकडे शेवटचा आलास तेव्हा माझा मुलगा जन्मलाही नव्हता. आता तो त्रेचाळीस वर्षांचा आहे, लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतः मात्र जिथे तिथे जिन्यानं जातो. कारण विचारलं तर म्हणतो, 'मला आतलं माहीत आहे ना.' सूनबाई चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली. कागदोपत्री तिचं नाव मोठं सुंदर आहे. मी तिला ठमी म्हणतो. परवा आठ महिने पूर्ण झाले. बसते, पडते, पडल्यावर आधी आपल्याकडे बघते आणि मग रडायचं की नाही ते ठरवते.

सूनबाईची गंमत सांगतो. 'हे नीट दिसतं की हे?' असं वर्षानुवर्षं लोकांना शांतपणे विचारणारी बाई, पण ठमी झाल्यापासून तिला स्वतःला काही नीट दिसेनासं झालं आहे. ठमीला शिंक आली की हात फोनकडे. उचकी लागली, फोन. शी हिरवी झाली, फोन. झोपेत डोळे अर्धवट उघडे राहिले, फोन. आणि त्या फोनची एक खोड आहे: त्याला साधं काही ठाऊकच नाही. उचकीचं विचारावं, तर पहिल्या तीन ओळी धीर देतात आणि चौथ्या ओळीत असा एखादा रोग निघतो की नाव वाचतानाच धाप लागावी. 'अगं, लाखात एकाला होतं हे,' मुलगा म्हणतो. 'त्या एकालाही आई असते,' सूनबाई म्हणते.

मागच्या महिन्यात तर कहर झाला. बाळाचं वजन करायचा काटा घरीच आणून ठेवला आहे, आकडे उजळणारा. एका मंगळवारी त्यावर ठमी अडीचशे ग्रॅमनं उतरलेली निघाली. झालं. दोन दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. बाळ रोडावण्याची सतरा कारणं सूनबाईनं वाचली आणि अठरावं शोधत बसली. मी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले, गुदामातले, टपाल कचेरीतले, औषधांच्या दुकानांतले. पण मला कोणी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सहज खोलीत डोकावलो तर काटा गालिच्यावर! मऊ जागेवर काटा खोटं बोलतो, हा आमच्या धंद्यातला पहिल्या दिवसाचा धडा. उचलून फरशीवर ठेवला. ठमीचे अडीचशे ग्रॅम तर परत आलेच, वर साठ जास्त. सूनबाई एकदमच हसली आणि रडली. मुलगा म्हणाला, 'बाबा, तुम्ही निवृत्त कशाला झालात?'

तेव्हापासून या घरात माझा भाव वधारला आहे. ठमीच्या डॉक्टरीणबाईंनीही सूनबाईला बजावलं, 'एक तर त्या फोनला विचारा, नाहीतर मला. दोघांना मिळून नको.' मग असं ठरलं की दिवसभर फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात राहील, आणि काही वाटलंच तर सूनबाईनं आधी मला विचारायचं. मी 'जा' म्हटलं तर दवाखाना, 'थांब' म्हटलं तर थांबायचं. म्हणजे मी आता या घराचा काटा.

एक गोष्ट मात्र चमत्कारिक झाली. फोन डब्यात जाण्याआधी सूनबाई फार घाबरली होती. म्हणाली, तिनं न विचारलेले प्रश्न फोन आपणहून तिच्यापुढे ठेवतो. ती नुसतं 'मुलीचा श्वास' एवढं लिहिते आणि खाली उमटतं, 'आत घेताना शीळ वाजते'. 'सकाळपर्यंत थांबले तर', असंही एकदा उमटलं. 'त्या यंत्राला काहीतरी कळलंय, जे आपल्याला कळत नाही,' असं म्हणून तिनं ठमीला दिवसभर कडेवरून उतरवलं नाही. मुलगा म्हणाला, जाहिरातवाल्यांचे उद्योग. मला त्यातलं काय कळतं? मुलानं त्याचा जुना टॅबलेट मला दिला आहे, काचेची पाटीच म्हण ना, तिच्यावर मी बातम्या वाचतो.

संध्याकाळी ठमी माझ्याकडे असते. तिला शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. आमचे मास्तर टेबलावर पट्टी आपटून ताल धरायचे. मी तिच्या पाठीवर दोन बोटांनी धरतो. खारीची होते, पतंगाची होते, मग दीपस्तंभाच्या रखवालदाराची, जिच्यात अठरा कडवी आहेत आणि सतराव्यापर्यंत जागं राहिलेलं मूल मी अजून पाहिलं नाही. मास्तर म्हणायचे, पाठ केलेली कविता म्हातारपणी पेन्शनीसारखी येते. तेव्हा आम्ही खिदळायचो. एक तेवढी म्हणत नाही, ती होडीची. तुला आठवत असेल: आधी होडी झोपते, मग वारा, मग दिवा. ती आता मला नीट पाठ नाही.

तर विचारायचं ते एवढंच. डॉक्टर म्हणून सांग, आईनं इतकं शोधावं का? तिला थांब म्हणत जावं का? मी म्हटलं तर ती थांबेल, म्हणून विचारतो.

बाकी क्षेम. तुझे गुडघे काय म्हणतात?

तुझा,
भावजी


दि. २ फेब्रुवारी, सोमवार
सकाळचे दहा

प्रिय कंपाउंडर,

मागच्या पत्रातले आशीर्वाद अजून कोरेच आहेत, तेच घे. ते पत्र परवा परत आलं. पाकिटावर जांभळा शिक्का: 'या पत्त्यावर राहत नाहीत.' कुठे गेलास, कधी गेलास, काही नाही. हातात घेतल्यावर आधी हायसं वाटलं. मग पाकीट फोडून माझंच पत्र मी वाचलं. त्यात गालिचा आहे, डबा आहे, मास्तर आहेत, तुझे गुडघेसुद्धा आहेत. ज्यासाठी लिहायला बसलो होतो, ते तेवढं नाही.

आता तुझा पत्ताच नाही म्हटल्यावर लिहायला अडचण नाही. हा कागद कुठे जायचा नाही.

आधी ठमीचं सांगतो. ती बरी आहे, हे पहिल्यांदा सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको.

२५ तारखेला, रविवारी, मुलगा कामावर होता. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकून आत चार माणसं लटकली होती. ठमीला दोन दिवस सर्दी. अडीचच्या सुमाराला मी खुर्चीत डुलक्या घेत होतो आणि झोपेतच तो आवाज ऐकला. आधी कोरडा, भुंकल्यासारखा खोकला. मग श्वास आत ओढताना शीळ. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर कोणी फुंकर घालावी तशी, पण उलटी, आत जाणारी. मी डोळे उघडले नाहीत. वाटलं, नेहमीचंच स्वप्न.

'बाबा.'

सूनबाई समोर उभी, ठमी खांद्यावर. 'ही शीळ तुम्हाला ऐकू येते, की मलाच येते?'

मी ऐकलं.

'महिन्याभरात चारदा पळालो आपण,' ती म्हणाली. 'चारी वेळा काही निघालं नाही. आज रविवार, म्हणजे थेट तातडीच्या विभागात जायचं. तिथले लोक हसतील. हा म्हणेल, झालं हिचं सुरू.' एका हातानं ती ठमीची पाठ चोळत होती आणि नजर बिस्किटांच्या डब्यावर. 'थोडं थांबू या का? डोळा लागतोय तिचा. झोपली तर झोपू दे, उठल्यावर बघू. तुम्ही सांगाल तसं.'

तुम्ही सांगाल तसं! कंपाउंडर, त्या क्षणी माझ्या जिभेवर कोणता शब्द होता, सांगू? 'थांबू.' चाळीस वर्षांची सवय. काटा डोलत असताना आकडा वाचायचा नाही. हात बाजूला घ्यायचा, काटा स्थिर होऊ द्यायचा, मग वाचायचं. त्या सवयीवर माझा सगळा धंदा उभा होता. गिऱ्हाईक कितीही घाई करो, मी मान वर करत नसे.

आणि तोंडातून पडलं ते भलतंच. 'आत्ताच्या आत्ता,' मी ओरडलो. 'दुलई शोधू नकोस, तशीच घे. आत्ताच्या आत्ता!'

ते शब्द माझे नव्हते. कोणाचे होते, ते तुला ठाऊक आहे.

टॅक्सीत बसल्यावर पाहिलं तर सूनबाईच्या एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात माझी. मी खिडकीची काच खाली केली. 'बाबा, गारठा आहे!' 'असू दे. थंड हवेनं घसा जरा मोकळा होतो, असं वाचलं आहे मी.' 'कुठे वाचलंत?' मी बाहेर बघत राहिलो. ड्रायव्हरनं आरशातून एकदा ठमीकडे पाहिलं आणि गाडी अशी हाकली की बोलायची सोय नव्हती.

तिथला डॉक्टर अगदी पोरसवदा. दाढीही धड फुटली नव्हती. ठमीला हात न लावता तिचे दोन श्वास नुसते ऐकत उभा राहिला, आणि मग धावला. औषधाचे काही थेंब तोंडात, नाकातोंडावर वाफेचा मुखवटा. ठमी मुखवट्यावर संतापली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हणाला, 'रडतेय ते चांगलं आहे. रडू दे.' सव्वापाचला शीळ थांबली. सहाला ठमीनं नर्सचा चष्मा ओढला.

'घशाला सूज आली होती,' तो सूनबाईला म्हणाला. 'लगेच आणलंत, बरं केलंत. घरी वाट बघण्यासारखं नव्हतं हे.'

'मी वाटच बघणार होते,' सूनबाई म्हणाली. आणि माझ्याकडे असं बघितलं की मला ती नजर पेलवेना. पाणी प्यायच्या निमित्तानं मी बाहेर गेलो आणि तिथल्या बाकावर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमीला घरी सोडलं. मुलानं सगळं ऐकून तो बिस्किटांचा डबा स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकला.

परवा, तुला लिहिलेलं पत्र परत आलं त्याच दुपारी, सूनबाई माझ्या खोलीत आली. हातात फोन. 'बाबा, हे वाचा.'

या घरातून विचारलेल्या प्रश्नांची ती यादी होती. मुलानं मला पाटी दिली ती त्याच्याच खात्यावर चालू ठेवून, आणि सूनबाईचा फोनही त्याच खात्यावर. मी इकडे जे विचारीन ते तिकडे तिच्यापुढे उमटतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी समजत होतो, त्या काचेत विचारलेलं त्या काचेतच राहतं.

'कृपया सांगावे, सात महिन्यांच्या मुलीचा श्वास आत घेताना शीळ वाजते.'

'कृपया सांगावे, अशी मुलगी शांत झोपली तर ते चांगले लक्षण आहे का.'

'कृपया सांगावे, सकाळपर्यंत थांबले तर चालते का.'

आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला, एकोणीस वेळा: 'कृपया सांगावे, शेहेचाळीस वर्षांपूर्वी या आजारातून मुले वाचत होती का.'

'यंत्राला कृपया म्हणणारं या घरात दुसरं कोण आहे?' सूनबाई म्हणाली. रागावली नव्हती. 'दीड महिना या ओळी वाचून मी अर्धी झाले, बाबा. आपली ठमी तेव्हा नेमकी सातची. मला वाटलं, तिचंच काहीतरी लिहून येतंय. पण ती ही नव्हेच. कोण होती ती?'

तिला जे सांगितलं, तेच इथे लिहितो. त्यातलं अर्धं तुला माहीत आहे. दुसरं अर्धं कुणालाच नाही.

थोरली सात महिन्यांची होती. तेव्हा ती थोरली नव्हती, एकटीच होती; मुलगा झाल्यावर मागाहून थोरली झाली. जानेवारीतलीच संध्याकाळ. दिवसभराच्या खोकल्यानंतर शीळ सुरू झाली. मी तिला खांद्यावर घेऊन होडीची कविता म्हणत फेऱ्या घालत होतो. ताई म्हणाली, 'तुमची कविता पुरे, त्याला विचारून या.' मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो आणि तुला रुग्णालयात फोन लावला. फोनवरून तिची शीळ मी तुला तोंडानं काढून दाखवली. तू म्हणालास, 'भावजी, आत्ताच्या आत्ता घेऊन या. थांबू नका. मी दारातच उभा राहतो.'

दुकान ते घर चार मिनिटांची वाट. मी ती पळत आलो, हे खरं आहे.

घरात पाऊल टाकलं तर थोरली ताईच्या मांडीवर झोपलेली. शीळ अगदी बारीक झाली होती. मला वाटलं, बरी झाली. थकलेल्या बाळाची शीळही थकते, हे मी परवा परवा वाचलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की काटा स्थिर झाला. होडीच्या कवितेनं झोपवली तिला, माझ्या कवितेनं, असा एक मूर्ख आनंदही झाला. बाहेर बोचरा गारठा. एवढी निवांत झोपलेली पोर त्यात काढायची, वाटभर रडवायची, कशासाठी? ताईनं विचारलं, 'काय म्हणाला?'

'म्हणाला, झोपू दे. सकाळी आणा.'

चार शब्द, कंपाउंडर. त्यातला एकही तुझा नव्हता. फसवायचं म्हणून बोललो नाही. माझं मत म्हणून सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, उठून चालू लागली असती. तुझं मत म्हटल्यावर ऐकलं. तुझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता, आणि तो मी माझ्या कामासाठी वापरला.

पहाटे काय झालं ते तुला माहीत आहे.

तू त्या रात्री दारातच उभा राहिला होतास. तुझ्या पायांतले बूट पाहून कळलं. रस्त्यावरचा चिखल नव्हता त्यांना, पण रात्रभर उघड्यावर उभं राहिल्याचं दव होतं. घरात शिरलास तशी ताई तुझ्या अंगावर धावली. 'थांबायला का सांगितलंस? का सांगितलंस?' तू माझ्याकडे बघितलंस. मी जमिनीकडे. मला अजून त्या फरशीवरची नक्षी काढून दाखवता येईल. मग तू म्हणालास, 'चुकलं माझं, ताई.'

'पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस,' ती म्हणाली. तू आला नाहीस. ती होती तोवर नाही, आणि नंतरही नाही.

पुष्कळ वर्षं मी मनाची समजूत घातली की तू गांगरलास. खूप उशिरा उमगलं. भावाशिवाय तिला जगता आलं असतं, पण माझ्याबरोबर तिला राहायचं होतं. हे तू सव्विसाव्या वर्षी, एका नजरेत ओळखलंस. आणि मी ते तसंच चालू दिलं. शेवटच्या आजारात एका दुपारी ताई म्हणाली, 'त्याला एकदा बोलवू या का हो?' मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणालो, 'आता झोप. उद्या बघू.' उद्या तिला बोलता येत नव्हतं. म्हणजे मी दोनदा थांबलो.

सूनबाईनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ही आता ठमीला माझ्याकडे द्यायची नाही. ती उठली, दूध कोमट करून आणलं, ठमीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाली, 'मामांना माहीत आहे हे?'

'मी काय केलं, ते त्याला त्या सकाळीच कळलं. का केलं, ते नाही.'

'मग तुम्ही त्या यंत्राला काय विचारत बसलात? त्यांना विचारा ना.'

'विचारायला बसलो होतो. पत्र परत आलं.'

'बघू पाकीट.' घेऊन गेली. रद्दीत गेलं असणार. दोन दिवस फोन पुन्हा तिच्या हातात दिसतो, जेवतानाही. तिला थांब म्हणण्याचा माझा अधिकार संपला.

मुलालाही काल सांगितलं. जेवण झाल्यावर, ताटं तशीच असताना. तो पाण्याचा पेला गोल गोल फिरवत बसला. मग म्हणाला, 'म्हणजे मला मामा होता.' एवढंच. उठून जिन्यानं खाली गेला आणि तासाभरानं आला.

आणखी एक दुरुस्ती. होडीची कविता नीट पाठ नाही, असं मागं लिहिलं ते खोटं. अक्षर न् अक्षर पाठ आहे. काल संध्याकाळी ठमीला ती म्हणून दाखवली, शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. होडी झोपली, वारा झोपला, दिवा झोपला. ठमी शेवटच्या कडव्यापर्यंत टक्क जागी, आणि संपल्यावर तिनं माझ्या तोंडात बोट घातलं, आणखी आहे का बघायला.

यंत्रानं माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. एकोणिसाव्या वेळी बाळाच्या तेलाची जाहिरात दाखवली. म्हणून तुला विचारतो. त्या चार मिनिटांनंतर मी तिला उचललं असतं, गाडी करून तुझ्या दारात आणलं असतं, तर थोरली वाचली असती का? तेव्हाच्या औषधांनी, तेव्हाच्या तुझ्या हातांनी? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. हा काटा फार वर्षं डोलतो आहे, आणि तो वाचता येईल असा माणूस तू एकटाच उरला आहेस.

क्षमा मागत नाही. ती ताईकडे मागायची होती, ते राहिलं. तुझ्यापुढे एवढंच म्हणायचं आहे की तू बरोबर सांगितलं होतंस, आणि हे आता या घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, ठमी धरून.

घंटी वाजली. एक लांब.

मला वाटलं, पुन्हा तोच भास, दाढीच्या वेळेसारखा. पण सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, म्हणजे तिनंही ऐकली.

दोन आखूड.

ती आता माझ्या खोलीच्या दाराशी उभी आहे, ठमी कडेवर. 'रागावू नका हं, बाबा. मीच शोधलं त्यांना. शोधायला पाऊण तासही लागला नाही, बाकीचे दोन दिवस त्यांच्याशी बोलण्यात गेले. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.' आणि विचारते आहे, 'उघडू, की जरा थांबायला सांगू?'

नको, म्हटलं. उघड. तो दारात फार वेळ उभा आहे.

मी येतोच. आधी सही करतो, नाहीतर तुझं तोंड पाहिल्यावर हा कागद मी खिशात घालीन आणि तुझे गुडघे कसे आहेत ते विचारीन.

तुला दारात उभा ठेवणारा,
भावजी